"बाळ उलटं आहे, सिझर करावं लागेल"

हे वर लिहिलेलं वाक्य मी स्वतः किती जणींना ऐकवलंय याचा हिशोब नाही. मिडवाइफ म्हणून काम करायला लागले तेव्हापासून ते एका दमात बोलत आले, जसं काही ते एकच वाक्य आहे. बाळ उलटं आहे ही झाली माहिती, सिझर करावं लागेल हा झाला निर्णय, आणि या दोन्हींच्या मध्ये जो स्वल्पविराम आहे तिथं थांबून त्या बाईशी बोलायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही कधी सुचलं नव्हतं.

मग एकदा एक जण आली, पहिलटकरीण, ३६ आठवडे पूर्ण, सोनोग्राफीचा रिपोर्ट मांडीवर उघडा. मी ते वाक्य बोलले. ती म्हणाली, "लागेल म्हणजे? नाही केलं तर काय होतं?" वाद घालत नव्हती, आवाजही चढला नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "रिस्क असते ताई." ती म्हणाली, "किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "डॉक्टर सांगतील तुम्हाला" असं म्हणून मी फाइलवर सिझरची तारीख टाकली आणि पुढच्या नंबरला हाक मारली. तिचं सिझर झालं, बाळ छान, आई छान, सगळं व्यवस्थित. पण तो "किती?" माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि पुढची काही वर्षं मी जे वाचलं, जे शिकले, ते सगळं त्या एका शब्दामुळे. आज ते लिहून काढतेय कारण परवाच परत कुणीतरी मला विचारलं की पायाळू बाळ नॉर्मल होऊ शकतं का आणि मी म्हटलं की याचं उत्तर दोन ओळींत देणं चुकीचं होईल.

आधी थोडं बाळाबद्दल. पायाळू हा शब्द जरा फसवा आहे, कारण नवव्या महिन्यात उलट्या असलेल्या बहुतेक बाळांचे पाय पुढे नसतातच, बूड पुढे असतं. सगळ्यात जास्त बाळं अशी असतात की कुल्ले खाली आणि पाय सरळ वर, पावलं तोंडापाशी. काही बाळं मांडी घालून बसल्यासारखी असतात. आणि थोडी अशी की एक किंवा दोन्ही पाय खाली लोंबतात, ही खरी पायाळू, आणि यांचीच जास्त काळजी वाटते, कारण बूड गर्भाशयाच्या तोंडाशी बुचासारखं बसतं पण पावलाच्या बाजूला जागा राहते आणि पाणी गेल्यावर नाळ तिथून खाली घसरू शकते. सातव्या महिन्यात म्हणजे २८ आठवड्यांना साधारण पाचातलं एक बाळ उलटं असतं, त्यातली बरीचशी आपली आपण फिरतात, दिवस भरेपर्यंत १०० मध्ये ३-४ उरतात. म्हणजे सातव्या महिन्यात रिपोर्टवर ब्रीच, म्हणजे उलटं बाळ, असं लिहिलेलं बघून कुणी रडत असेल तर प्लीज रडू नका, अजून वेळ आहे.

३६-३७ आठवड्यांनंतरही फिरलं नाही तर पहिली गोष्ट जी प्रत्येकीला सांगितली पाहिजे ती म्हणजे ईसीव्ही, पोटावर बाहेरून हात ठेवून बाळ हळूहळू फिरवणं. हे हॉस्पिटलमध्येच करतात, आधी आणि नंतर ठोके बघतात, पिशवी सैल पडायला औषध देतात. साधारण निम्म्या वेळा जमतं, पहिलटकरणींमध्ये १०० मध्ये ४० च्या आसपास आणि आधी बाळंतपण झालेल्यांमध्ये ६० च्या आसपास. दुखतं का, तर हो, काहींना चांगलंच दुखतं, आणि थांबा म्हटलं की थांबायचं असतं. लगेच सिझर करायची वेळ २०० मध्ये एखादीवर येते. इतकी साधी गोष्ट, पण कित्येक जणींना याचं नावसुद्धा कुणी सांगितलेलं नसतं.

आता तो "किती?".

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्सची २०१७ ची मार्गदर्शक सूचना आहे, त्यात हे आकडे सरळ दिलेत. दिवस भरलेलं उलटं बाळ, ३९ आठवड्यांनंतर ठरवून सिझर, तर जन्माच्या आसपास बाळ दगावण्याचं प्रमाण १००० मध्ये साधारण ०.५. तेच बाळ खालून जन्माला घालायचं ठरवलं तर १००० मध्ये साधारण २. आणि डोकं खाली असलेलं बाळ, ज्याला आपण सगळे बिनधास्त नॉर्मल म्हणतो, त्यात १००० मध्ये साधारण १. हा तिसरा आकडा मी आवर्जून सांगते, कारण तो नसेल तर पहिले दोन अधांतरी राहतात. आपण ज्याला सेफ धरून चालतो त्यातही शून्य नसतं.

पण आकडे नुसते बोलून पोचत नाहीत. "चौपट धोका" म्हटलं की बाई घाबरते आणि "९९८ बाळं ठीक असतात" म्हटलं की निश्चिंत होते, दोन्ही एकाच कागदावरचं खरं आहे, आणि मी कुठलं वाक्य निवडते त्यावर तिचा निर्णय फिरतो, ही ताकद माझ्या हातात असणं मला अजिबात आवडत नाही. म्हणून मी आलेखाच्या कागदावर १००० बारीक चौकोनांचा पट्टा आखून त्याच्या प्रती काढून ठेवल्यात. उलटं बाळ खालून यायचं असेल तर एका पट्ट्यावर दोन चौकोन लाल. सिझरसाठी दोन पट्टे एकाखाली एक चिकटवलेले आणि दोन्हींत मिळून एकच चौकोन लाल. डोकं खाली असलेल्या बाळासाठी एका पट्ट्यावर एक. हे मी तिच्या समोर ठेवते आणि गप्प बसते. काही जणी बोट ठेवून तो लाल चौकोन शोधतात, काही जणी पट्टा लांब धरून बघतात, एक जण तर लाल चौकोनावर अंगठा ठेवून बराच वेळ तशीच बसली होती, आणि मग म्हणाली, "हा माझा असला तर?" तिला मी म्हटलं की हो, तो कुणाचातरी असतोच.

या पट्ट्यावर न दिसणाऱ्याही गोष्टी आहेत, त्या तोंडी सांगाव्या लागतात. खालून आलेलं उलटं बाळ पहिल्या काही मिनिटांत मलूल असण्याची शक्यता जास्त. नॉर्मलचं ठरवलेल्या १०० जणींमधल्या साधारण ४० जणींचं कळा सुरू झाल्यावर सिझर करावं लागतं, आणि कळांमधलं घाईचं सिझर हे ठरवून केलेल्यापेक्षा आईला जड जातं. दुसऱ्या बाजूला सिझरचा व्रण पुढच्या प्रत्येक गरोदरपणात सोबत येतो, पुढच्या वेळी कळा घेतल्या तर २०० मध्ये साधारण एकीचा व्रण उसवतो, वार जुन्या व्रणावर रुतून बसण्याचा धोका प्रत्येक सिझरबरोबर वाढत जातो. एकच मूल हवं असेल तर याचं वजन कमी, तीन हवी असतील तर फार जास्त. हे मला कसं कळणार तिला विचारल्याशिवाय?

आणि काही वेळा आमचा सल्ला स्पष्ट असतो की खालून नको. बाळाची मान मागे ताठलेली, वजनाचा अंदाज ३.८ किलोच्या वर किंवा बाळ खूप बारीक, पाय खाली लोंबणारे, बाळाला पोटात त्रास होत असल्याची चिन्हं. तिथं मी ते तसंच सांगते, गोड करून नाही.

हे सगळं इतकं एकतर्फी का झालं होतं, याचं उत्तर मोठ्या प्रमाणात एका अभ्यासात आहे. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात टर्म ब्रीच ट्रायल छापून आली, २६ देश, १२१ केंद्रं, २०८८ बायका. नॉर्मलचं ठरवलेल्या गटात बाळ दगावणं किंवा गंभीर त्रास ५ टक्के, सिझरच्या गटात १.६ टक्के. जगभर चक्रं फिरली. नेदरलँड्समध्ये उलट्या बाळांच्या सिझरचं प्रमाण दोन महिन्यांत ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं, दोन महिन्यांत! मग २००४ मध्ये त्याच अभ्यासातली मुलं दोन वर्षांची झाल्यावर परत बघितली, तर मृत्यू किंवा वाढीत मागे पडणं दोन्ही गटांत जवळजवळ सारखं, सिझर ३.१ टक्के आणि नॉर्मल २.८. २००६ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधला प्रेमोडा अभ्यास आला, १७४ केंद्रं, ८१०५ बायका, तिथं नीट निवड करून, नीट लक्ष ठेवून बाळंतपणं केली जात होती, आणि दोन गटांत लक्षणीय फरक सापडला नाही. नॉर्मलचं ठरवलेल्यांपैकी ७१ टक्के खालूनच बाळंत झाल्या. म्हणजे फरक फक्त बाळ कुठून येतंय याचा नव्हता, खोलीत कोण आहे आणि त्यांना काय येतं याचाही होता.

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. हे काम कागदावर नसतं, हातात असतं. मधल्या वर्षांत शिकलेल्या डॉक्टरांनी आणि मिडवाइफनी उलटं बाळ खालून येताना बघितलंच नाही, आणि ज्यांनी बघितलं होतं ते रिटायर झाले.

याचा परिणाम मी डोळ्यांनी बघितलाय. रात्रपाळी होती, एक जण दुसऱ्या खेपेची, जोरात कळा घेत आली, तपासलं तर डोक्याच्या जागी काहीतरी मऊ. तोपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं की बाळ उलटं आहे. ऑपरेशन थिएटरकडे न्यायलाही वेळ उरला नव्हता. खोलीत आम्ही सहा जण होतो आणि सहाही जणांना भीती वाटत होती, मी माझ्या हातांकडे बघितलं तर ते थरथरत होते. बाळाचे पाय दिसल्याबरोबर कुणीतरी ते धरले आणि ओढले. ओढलं की काय होतं हे मला नंतर कळलं, ओढलं की बाळाचे हात दचकल्यासारखे वर डोक्यामागे जातात, हनुवटी छातीवरून सुटते आणि डोकं अडकतं. बाळ जगलं. एक हात बरेच दिवस लुळा होता. ओढणाऱ्या व्यक्तीवर माझा राग नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मी पण तिथंच उभी होते आणि "ओढू नका" म्हणायला मला तरी कुठं माहीत होतं. म्हणून "आमच्याकडे ब्रीच करत नाही" असं म्हणून कुठल्याच हॉस्पिटलची यातून सुटका नाही असं मला वाटतं, बाळं पॉलिसी वाचून येत नाहीत.

त्यानंतर मी शिकायला लागले. ब्रिटनमध्ये मेरी क्रॉंक आणि जेन इव्हान्स या मिडवाइफनी हे कौशल्य जिवंत ठेवलं, शॉन वॉकर या मिडवाइफने त्यावर संशोधन उभं केलं, किंग्ज कॉलेज लंडनमध्ये ऑप्टिब्रीच नावाचं काम त्यांच्या पुढाकाराने झालं, त्यात कल्पना हीच की उलट्या बाळासाठी वेगळं क्लिनिक असावं आणि कळांच्या वेळी ज्याला हे येतं असं माणूस हजर असावं. जर्मनीत फ्रँकफर्टला डॉ. फ्रँक लूव्हेन यांच्या टीमने बाईला पाठीवर न झोपवता गुडघ्यांवर, हातांवर टेकून बाळंत होऊ दिलं आणि त्यांना दिसलं की बाळाला हात लावायची गरजच कमी पडते.

सराव बाहुलीवर होतो. कापडी बाहुली आणि कंबरेच्या हाडाचं मॉडेल, आणि तासन्‌तास तेच तेच. अडकलेला हात कसा ओळखायचा, तर बाळाच्या छातीवर मधोमध घडी दिसली की हात पुढे आहेत, येतील, घडी नसेल तर हात वर गेलेत. मग बाळाला खांद्यांशी दोन तळव्यांमध्ये, नमस्कार केल्यासारखं धरून फिरवायचं, ओढायचं नाही, फिरवायचं. डोकं अडलं तर खांद्यांवर पुढून हलका दाब द्यायचा म्हणजे हनुवटी छातीला लागते. आणि सगळ्यात अवघड सराव म्हणजे हे काहीच न करता हात मांडीवर ठेवून बसणं, घड्याळ बघत. कुल्ले बाहेर आल्यापासून डोकं येईपर्यंत ५ मिनिटांपेक्षा जास्त, किंवा बेंबी दिसल्यापासून ३ मिनिटांपेक्षा जास्त गेली किंवा बाळ मलूल दिसलं, तर मात्र थांबायचं नाही, हात घालायचा. म्हणजे कधी हात लावायचा नाही आणि कधी लावायचाच, दोन्ही यायला पाहिजे, नुसतं पहिलं येणारी माणसं मला जास्त धोकादायक वाटतात.

पहिल्यांदा मी मुख्य मिडवाइफ म्हणून बसले ती बाई दुसऱ्या खेपेची होती, बाळाचे पाय वर, मान वाकलेली, वजन बेताचं. ईसीव्ही करून बघितलं होतं, फिरलं नाही. तिने पट्टे घरी नेले, चार दिवसांनी आली आणि म्हणाली, "मी ठरवलंय, पण मधेच मला नको वाटलं तर?" म्हटलं, "तर नको. कुठल्याही क्षणी."

कळा चांगल्या पुढे सरकत होत्या, हे महत्त्वाचं, अडून बसल्या असत्या तर आम्ही थिएटरकडे गेलो असतो. जमिनीवर जाड गादी, ती गुडघ्यांवर, नवऱ्याच्या मांडीत डोकं. डॉक्टर मॅडम कोपऱ्यात ग्लोव्ह्ज घालून हात बांधून उभ्या, बाळाची ट्रे शेजारी तयार, एक जण फक्त वेळ सांगायला. आधी एक कुल्ला दिसला, काळी शी टूथपेस्टसारखी बाहेर आली, उलट्या बाळात ती दबून येते, त्याने घाबरायचं नसतं. मग दोन्ही कुल्ले. "शून्य मिनिट," मागून आवाज आला. बाळ आपलं आपण वळलं आणि त्याचं पोट माझ्याकडे झालं, जसं व्हायला पाहिजे तसंच. एक पाय सुटून खाली पडला, मग दुसरा. नाळ दिसली, जाड, ठोके घेणारी, मी तिला हात लावला नाही. "दोन मिनिटं." छातीवर घडी होती. एक कोपर घसरून आलं, मग दुसरं. आता बाळ मानेपर्यंत बाहेर आणि खोलीत एकदम शांतता, आणि मी माझ्या मांडीची कातडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. आणि मग त्या बाळाने, जन्म पुरा व्हायच्या आधीच, दोन्ही गुडघे पोटाशी ओढले, आपण झोपेतून उठून बसताना करतो ना अगदी तसं, आणि त्या हालचालीनेच त्याची हनुवटी दिसली, तोंड, नाक, कपाळ. मी फक्त खाली हात धरले. "तीन मिनिटं दहा सेकंद."

बाळ पांढरट आणि ढिलं होतं, नाळ न कापता तिथंच पुसून चोळलं, मिनिटभराने रडलं. ती मागे वळून म्हणाली, "झालं?"

आणि त्याच महिन्यात दुसरी एक, तिचंही सगळं नॉर्मलसाठी अनुकूल, तिने तेच पट्टे बघितले आणि पाच मिनिटांत म्हणाली, "मला सिझर हवंय." मी कारण विचारलं नाही, तिने स्वतःहून सांगितलं की आधी एक बाळ गेलंय आणि एकसुद्धा लाल चौकोन तिला कमी करता येत असेल तर तिला तो करायचाय. तिच्या सिझरला मी सोबत होते, बाळ तिच्या छातीवर ठेवेपर्यंत. हे मुद्दाम लिहितेय, कारण उलट्या बाळाच्या बाजूने बोलणाऱ्या मिडवाइफ म्हणजे सिझरच्या विरोधात असा समज असतो. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा माँटगोमेरी निकाल या बाबतीत मला फार आवडतो. तिथं बाळ उलटं नव्हतं, आईला मधुमेह होता, बाळाचे खांदे अडकण्याचा धोका ९-१० टक्के होता, आणि डॉक्टरांनी तो सांगितला नाही कारण सांगितलं तर बायका सिझर मागतात. १९९९ मध्ये बाळ जन्मलं, खांदे अडकले, मेंदूला इजा झाली. कोर्ट म्हणालं की त्या बाईच्या जागी असलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायलाच पाहिजे, आणि दुसरे पर्यायही. म्हणजे तिथं लपवलेला पर्याय सिझर होता, आमच्याकडे बहुतेक वेळा लपवलेला पर्याय दुसरा असतो, चूक मात्र तीच.

आणि एक अडचण अजून तशीच आहे. मी सगळं समजावते, बाई ठरवते, आणि तिच्या कळा सुरू होतात तेव्हा ड्युटीवर हे येणारं कुणीच नसतं. अशा वेळी तिच्या हातात कागदावरची निवड आहे, पण खोलीत तिला साथ द्यायला कुणी नाही. म्हणून मी ३६ व्या आठवड्यातच सांगते की तुमच्या हॉस्पिटलला विचारा, रात्री तीन वाजता कोण असेल, त्यांनी किती उलटी बाळं खालून घेतलीत, शेवटचं कधी. उत्तर पटलं नाही तर सिझर निवडणं हाही पूर्ण विचारांती घेतलेलाच निर्णय आहे.

ती पहिली, "किती?" विचारणारी, गेल्या वर्षी परत आली. दुसरं बाळ, डोकं खाली, प्रश्न आता जुन्या व्रणाचा. मी कागद काढले आणि २०० चौकोनांतला एक तिला दाखवला. तिने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "असे कागद मागच्या वेळीपण होते का?"

म्हटलं, "नव्हते. तुम्ही विचारलंत आणि मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हेही मी तुम्हाला सांगितलं नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, "मागचे पण दाखवा."

मी दाखवले. तिने दोन्ही पट्टे शेजारी शेजारी ठेवून नीट बघितले आणि म्हणाली की बहुतेक तेव्हाही सिझरच निवडलं असतं.